हिमालयन ४११ ठेवू की विकू? रोजचं पांदणीतून जाणं-येणं आहे

धुऱ्यावरचा_डॉक्टर

नमस्कार मंडळी. आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही, गावात सगळे म्हणतात म्हणून नाव तसं ठेवलं. घाटंजी तालुक्यात कृत्रिम रेतनाचं काम करतो, म्हणजे कोणाची गाय माजावर आली की फोन येतो आणि मी नायट्रोजनचा डबा घेऊन निघतो. सात-आठ गावं आहेत, दिवसाचे चाळीस ते सत्तर किलोमीटर होतात, त्यात अर्धं डांबर, बाकी मुरूम आणि पांदण, म्हणजे शेताकडची कच्ची वाट.

मागच्या दिवाळीत रॉयल एनफिल्डची सेकंडहँड हिमालयन घेतली, ४११ वाली, २०२१ चं मॉडेल, २६ हजार चाललेली. आधी स्प्लेंडर होती, ती आता बाबांकडे आहे. खरं सांगायचं तर हौस होती, पोट्टे लडाखचे फोटो टाकतात ते पाहून पाहून डोकं फिरलं होतं, पण घरी कारण कामाचं सांगितलं, की मागं कॅरिअर कंपनीचंच आहे, डबा उभा बसतो, रस्ते असे आहेत वगैरे वगैरे. हिवाळा-उन्हाळा एकदम मस्त गेला. खड्डे कळतच नाहीत, पंधरा लिटरची टाकी भरली की आठवडा पाहायचं काम नाही.

मग आला पावसाळा. जुलैमध्ये एका कास्तकाराचा फोन आला, गाय सकाळी माजावर आलेली, म्हणजे संध्याकाळी भरायची, उशीर केला तर एकवीस दिवस गेले त्याचे. त्याच्या गोठ्यापर्यंत दीड किलोमीटर पांदण. दोन दिवस पाऊस नव्हता, ऊन पडलं होतं, मला वाटलं चिखल बसला असेल. अर्ध्यात गेलो आणि गाडी जड जड व्हायला लागली, पहिल्या गिअरवर रेस देऊन राहिलो तरी पुढं सरकत नाही, मागचं चाक जागेवर फिरून राहिलं. खाली वाकून पाहतो तर पुढचं चाक फिरतच नाही, मडगार्ड आणि टायरच्या मधात कणकेसारखी काळी माती ठासून भरलेली. पाय टेकवला तर पायही घोट्यापर्यंत आत, माझी उंची पाच-पाच, गाडी डाव्या अंगाला कलली ती कललीच. जवळपास दोनशे किलोचं धूड. मी आधी डबा धरला आणि गाडी जाऊ दिली, कारण डबा आडवा झाला की नायट्रोजन सगळा वाहून जातो (झाकण घट्ट लावता येत नाही, वाफ निघायला जागा लागते) आणि आतल्या वीर्याच्या स्ट्रॉ (नळ्या) गेल्या म्हणून समजा. गाडी कोणाच्या तरी सोयाबीनवर पडली. तिघांनी उचलली, तुराटीच्या काडीनं माती कोरून काढायला अर्धा तास लागला, गाय रात्री आठला भरली. तो कास्तकार म्हणतो, डॉक्टर, पुढच्या वेळेस बंडी पाठवू का?

दोष गाडीचा नाही, स्प्लेंडरचं चाकही जाम व्हायचंच, पण ती एकट्यानं ओढून धुऱ्यावर टाकता येत होती. तेव्हापासून बाबा रोज सकाळी चहासोबत "विकून टाक" म्हणून राहिले. आता मॉडेलही बंद झालं आहे. कोणी खेड्यात, रोजच्या कामाला ही गाडी वापरतं का? तुम्ही पावसाळा कसा काढता? की ही फक्त फिरायची गाडी आहे आणि मी उगाच फसलो?


आर्णीकर_४११

भाऊ, तुमची पोस्ट वाचून माझा २०२१ चा पावसाळा आठवला, सेम टू सेम, फक्त माझ्याकडे नायट्रोजन नव्हता, तुरीच्या बियाण्याच्या थैल्या होत्या. माझी गाडी ५८ हजार झाली, रोज शेतात जाते, रोज.

पहिलं काम, आजच करा. ह्या गाडीला पुढं दोन मडगार्ड आहेत, एक वर चोचीसारखं आणि एक खाली टायरला लागून. खालचं काढून टाका. डांबरावर, गिट्टीवर ते कामाचं आहे, पण आपल्या मातीत नाही. जून ते ऑक्टोबर माझं खालचं मडगार्ड घरी खुंटीवर असते. अंगावर चिखल उडेल, हेडलाइट रोज पुसावा लागेल, पण चाक फिरेल.

दुसरं, तुम्ही दोन दिवस ऊन पाहून गेलात हीच चूक झाली. बाबांना विचारा, ते सांगतील. काळी माती पूर्ण ओली, पाणी साचलेली असली तर घसरते, पण चाकाला धरून राहत नाही, वाहून जाते. पूर्ण वाफसा आला की कडक होते, मग रस्ताच आहे. मधली जी स्थिती आहे ना, वाफसा यायच्या आदल्या दिवसाची, तीच सगळ्यात चिकट. डवरा घेऊन कोणी वावरात गेलं नसेल तर आपणही गाडी घालायची नाही. मी तर आता गाडी काढायच्या आधी बैलजोड्या कुठं उभ्या आहेत ते पाहतो, हवामानाचं ॲप नंतर.

आणि अडकलं तर गाडीवर बसून रेस देत राहू नका, मागचं चाक खड्डा करते आणि क्लचप्लेट जळते ती वेगळी. खाली उतरा, इंजिन चालू ठेवा, पहिला गिअर, बाजूनं चालत चालत न्या. तुमचं पंच्याहत्तर किलो वजन कमी झालं तर फरक पडतो. पडलीच तर उचलायची पद्धत आहे, गाडीकडं तोंड करून कमरेतून उचलायची नाही, पाठ सीटला लावायची, एक हात हँडलला, एक कॅरिअरला, आणि पायाच्या जोरावर मागं मागं चालत जायचं. उजव्या अंगाला पडली असेल तर आधी साइड स्टँड उघडून ठेवा नाहीतर तिकडून उचलाल अन इकडून पडेल. मी एकटा उचलतो, माझं वजन साठ आहे.

पंक्चरचं तुम्ही काही लिहिलं नाही म्हणजे अजून बाभूळ भेटली नाही वाटते. तारांची चाकं आहेत, आत ट्यूब आहे, काटा गेला की हवा एका मिनिटात खल्लास, ट्यूबलेससारखं हळूहळू घरी येणं नाही. पुढची ट्यूब २१ इंची, आपल्या तालुक्याच्या दुकानात ती नसतेच समजा. २१ ची एक ट्यूब कायम गाडीत ठेवा, अगदीच अडचण आली तर तीच घडी घालून मागच्या १७ च्या टायरमध्ये घालता येते, घरापर्यंत येते गाडी. उलटं होत नाही. दोन टायर लिव्हर, सुलोशन, हातपंप. सेंटर स्टँड कंपनीचाच आहे, त्याचं महत्त्व त्या दिवशी कळते.


साधा_माणूस

मला एक समजत नाही. आमच्या गावचा दूधवाला चार कॅन लावून शंभर सीसीच्या गाडीवर त्याच पांदणीतून रोज दोनदा जातो, बारा वर्षं झाली, त्याला कोणी ॲडव्हेंचर म्हटलं नाही. २४ बीएचपी घेऊन गाईकडेच जायचं आहे ना? पेट्रोल पाहा, ॲव्हरेज तीसच्या आसपास म्हणता तुम्ही लोक, स्प्लेंडर साठ देते. महिन्याचे दीड हजार किलोमीटर धरले तर दरमहा पंचवीस लिटर जास्तीचं जाळून राहिले तुम्ही, फक्त उंच बसायसाठी. बाबा बरोबर आहेत.


आर्णीकर_४११

दादा, हिशोब बरोबर आहे तुमचा, त्यावर वाद नाही. पण दूधवाल्याच्या कमरेचा पट्टा कोणी मोजला का? पंचेचाळिशीत आहे तो, उठताना भिंत धरतो. (आमच्या गावचा सांगतो, तुमच्या नाही.)


वणीचा_मिस्त्री

डाक्टर, म्या बावीस वर्सं झाले गाड्या खोलून रायलो, वणीले दुकान हाय. तुमी गाडी घेतली तवा कोणाले दाखवली होती का नाई? २६ हजाराची गाडी हाय, तवा हे पाहून घ्या.

सेंटर स्टँडवर लावा, मागं एकाले बसवा म्हंजे पुढचं चाक उचलंल. मंग हँडल सावकाश इकडून तिकडं फिरवा. मधात एका जागी खट करून अटकते का? अटकत असंल तर कोनसेट (हँडलच्या बेरिंगा) गेला, बदला. तो गेला की गाडी मुरमावर सरळ चालत नाई, आपल्याले वाटते टायर खराब हाय. मंग तारा. एकेका तारेले पान्ह्यानं हळूच ठोकून पाहा, सगळ्या सारख्या वाजल्या पायजे, एखादी ठस्स वाजली तर ढिली हाय. आपल्या रस्त्यानं तारा ढिल्या होतेच, रिंगीचा आउट (वाकडेपना) वेळेवर काढला तर रिंग वाचते. आउट काढनारा जुना मानूस शोधा, सायकलवाला चालते, नव्या पोट्ट्याईले ते जमत नाई.

टपेटाचं (व्हॉल्वची फट बसवाचं) भेव नका घेऊ. ह्या इंजिनात स्क्रूवाले टपेट हायेत, आपल्या जुन्या गाड्यायसारखे, गेज असंल अन हात असंल तर कोनताही मिस्त्री करून देते, त्याच्यासाठी शंभर किलोमीटर जायाची गरज नाई. फकत गाडी थंडी पायजे. रातभर उभी ठेवा, सकाळी या. लोक चालवत चालवत येतात अन म्हनतात लगेच करून दे, मंग आवाज तसाच रायते अन शिव्या मले.

खालचं मडगार्ड काढाचं म्हनते ते बरोबर, पन एक ध्यानात ठेवा, सगळा चिखल आता इंजिनावर येईन. समोर ऑइल कूलर हाय, त्याच्या जाळीत माती सुकली की हवा जात नाई. ते इंजिन हवेवर अन तेलावरच थंडं होते, पान्याचं रेडिएटर नाई त्याले. आपल्या इकडं मे मधी ४५ च्या वर पारा जाते, अन तुमी मागच्या पावसाळ्याची माती तशीच ठेवली तर मंग काय होईन? बादलीनं पानी टाका, फडक्यानं, जुन्या ब्रशानं काढा. प्रेशर नका मारू. प्रेशरचं पानी चाकाच्या बेरिंगमधी घुसते, चेनमधी घुसते, वर्स-दीड वर्सानं माह्याकडं येता अन म्हनता बेरिंग काऊन गेली.

एअर फिल्टर. कापसाच्या सीझनमधी अन कोळशाच्या गाड्या चालतात त्या रस्त्यानं तर लवकर लवकर पाहा, पुस्तकात लिहिलं त्याची वाट नका पाहू.

मॉडेल बंद झालं तवा सामान भेटंल का म्हनाल तर भेटते. २०२२ मधी त्याच कंपनीची ती स्क्रॅम आली होती, तिचंही इंजिन ४११ च हाय. रस्त्यावर गाड्या लय हायेत. फकत अर्जंट नाई भेटत, क्लच वायर अन एक्सलेटर वायर आधीच घेऊन ठेवा.


मेळघाट_धारणी

माझ्याकडे हिरोची एक्सपल्स २०० आहे, ४ व्हॉल्ववाली, म्हणून तुलना करून सांगतो, कोणाची गाडी चांगली अशी भांडणं करायला नाही.

माझी गाडी साधारण १६० किलो. तुमच्यापेक्षा चाळीस कमी, म्हणजे एक युरियाची गोणी कमी. चिखलात ती गोणी कळते. सीट माझीच उंच आहे, ८२३ मिलिमीटर, तुमची ८००, तरी मला भीती कमी वाटते कारण कलली तर मी धरू शकतो. आमच्या इकडं पावसाळ्यात सगळे नाले-रपटे भरतात, पाण्यातून एकदा पलीकडं ढकलत नेलेली आहे, ते तुमच्या गाडीत मी केलं नसतं. (वाहत्या पाण्यात तर कोणतीच गाडी घालू नका, गुडघ्याच्या वर पाणी असलं की वाट पाहायची, गाय थांबते.)

पण परतवाड्याहून सेमाडोह-हरिसाल करत धारणीला येताना घाटात बायको मागं असली, सामान असलं की माझ्या गाडीला गिअर पाडत पाडत यावं लागते, तुमची तिथं खालच्या आरपीएमवर आरामात चढते. ३२ न्यूटन मीटरचा टॉर्क आहे तिचा आणि तो चार-साडेचार हजारातच येतो. नागपूरला हायवेनं जायचं तर माझी ऐंशी-पंच्याऐंशीला नीट वाटते, पुढं झिणझिण्या. तुम्ही महिन्यातून किती वेळा लांब जाता, किती वेळा पांदणीत, ते वहीत लिहा एक महिना. मी लिहिलं होतं म्हणून एक्सपल्स घेतली. न लिहिता घेतली असती तर मीही तुमचीच घेतली असती, खोटं कशाला बोलू, मलाही तेच फोटो आवडायचे.

अजून एक, तुमची २०२१ ची आहे म्हणजे मागचा एबीएस (ब्रेक मारल्यावर चाक जाम होऊ न देणारी सोय) बंद करायचं बटण असेल. मुरमाच्या उतारावर बंद करून पाहा, मागचं चाक थोडं घासत थांबते, गाडी हातात राहते. डांबरावर परत चालू करा. विसरलात तरी गाडी बंद करून चालू केली की आपोआप परत चालू होते.


राळेगावची_ताई

सगळे भाऊ लोक टॉर्क आणि टपेट लिहून राहिले. मी मागच्या सीटवरून लिहिते.

आमच्या यांच्याकडे हीच गाडी आहे, तीन वर्षं झाली. माझी नोकरी अंगणवाडीची, साडी नेसून जावं लागते. डॉक्टर, तुम्ही वहिनींना एकदा विचारलं का की त्या कशा चढतात? कॅरिअर उंच आहे, पाय टाकता येत नाही, एका बाजूला बसायचं तर उंचीमुळे उडी मारावी लागते. पहिल्या आठवड्यात मी यांना घेऊनच पडले होते, भर बस स्टँडवर, लोकांनी पाहिलं ते पाहिलं. आता आमचं ठरलेलं आहे. हे दोन्ही पाय जमिनीला टेकवून, पुढचा ब्रेक दाबून "हं" म्हणतात, मग मी यांच्या खांद्याला धरून डाव्या फूटरेसवर उभी राहते, घोड्यावर चढल्यासारखी, आणि मग बसते. "हं" म्हटल्याशिवाय चढायचं नाही आणि मी "झालं" म्हटल्याशिवाय क्लच सोडायचा नाही. साडी गार्ड मात्र मोठा लावून घ्या, पदर चाकात जायला वेळ लागत नाही.

एकदा बसलं की मात्र स्प्लेंडरवर परत बसावं वाटत नाही, हे पण खरं. माझ्या माहेरचा रस्ता पंचवीस किलोमीटर खड्ड्यांचा आहे, आधी पोचल्यावर कंबर धरून बसायची.

आणि रात्रीचं. आमच्या पट्ट्यात २०१८ ला ते माणसं मारणाऱ्या टी-१ वाघिणीचं प्रकरण झालं तेव्हापासून संध्याकाळी सातनंतर मी एकटी स्कूटीवर निघत नाही. गाडीचा हेडलाइट साधा हॅलोजन आहे, जंगलाच्या रस्त्यात पुरत नाही, यांनी खाली दोन जास्तीचे लाइट लावले. लावणार असाल तर खाली झुकवून लावा, नाहीतर समोरचा ट्रॅक्टरवाला आंधळा होऊन तुमच्यावरच येतो.


साधा_माणूस

ताई, ते सगळं ठीक, पण मूळ प्रश्न विकू की ठेवू होता.


राळेगावची_ताई

तेच तर सांगितलं भाऊ, वहिनींना विचारा.


धुऱ्यावरचा_डॉक्टर

सगळ्यांचे आभार, दहा-बारा दिवसांनी येऊन राहिलो, मधात पोळा होता.

खालचं मडगार्ड काढलं, चार बोल्टचं काम, इतके दिवस कळलं नव्हतं. पहिल्याच दिवशी छातीपर्यंत चिखल, गोठ्यात पोचलो तर कास्तकाराची आई म्हणते, हा डॉक्टर का रोवणी करून आला? पण चाक फिरलं. त्या दीड किलोमीटरच्या पांदणीत पुन्हा गेलो, यावेळेस बैलं कुठं आहेत ते पाहून, आणि अर्ध्यात दोनदा उतरून बाजूनं चालवत नेली. डबा पाठीवर घेतला होता, शाळेच्या जुन्या दप्तरात गोणपाट कोंबून त्यात उभा बसवला. कॅरिअरवर ठेवण्यापेक्षा हेच बरं, पडलो तरी मी आधी पडतो, डबा नंतर.

मिस्त्री काका, हँडल मधात अटकत होतं. म्हणजे यवतमाळहून आणतानाच अटकत असेल, मला कळलं नाही. कोनसेट घाटंजीतच बदलून घेतला, सामान मागवायला सहा दिवस लागले. गाडी आता वेगळीच वाटते, मुरमावर ती जी डुगडुग व्हायची ती माझ्या हाताची वाटायची मला. मागच्या चाकाच्या चार तारा ठस्स वाजल्या. आउट काढायला एक सत्तरीचे आजोबा मिळाले, सायकलवाले, त्यांनी चाक उलटं करून डोळ्यासमोर धरलं आणि कानानंच काम केलं, पैसे पन्नास घेतले. मी शंभर देत होतो तर ओरडले.

धारणीवाले भाऊ, वही सुरू केली आहे. अकरा दिवसांत ५९० किलोमीटर, त्यात खरी चिखलाची पांदण फक्त सव्वीस. मला वाटायचं रोजच चिखलात असतो मी. चिखलाची दोन गावं सोडली तर बाकी सगळीकडे ही गाडी सुखाची आहे हे लिहिल्यावर कळलं. त्या दोन गावांना ऑगस्ट-सप्टेंबरात स्प्लेंडर घेऊन जायचं असं मनात आहे, बाबांना अजून सांगितलं नाही, कारण मग ते म्हणतील की मग ही कशाला ठेवली.

ताई, बायकोला विचारलं. ती म्हणाली विकायची नाही, पण मला शिकवा. पाय टेकत नाहीत तिचे, म्हटलं आधी स्प्लेंडरवर शीक, तर म्हणते स्प्लेंडर बाबांची आहे.

साधा माणूस दादा, पेट्रोलचा हिशोब वहीत वेगळ्या पानावर लिहून राहिलो, ते पान घरी कोणाला दाखवत नाही.

आता लिहिता लिहिताच फोन आला, त्याच पांदणीतली दुसरी गाय, सकाळपासून हंबरून राहिली म्हणे. काल रात्री पाऊस झाला, आज ऊन आहे. स्प्लेंडर घेऊन बाबा युरिया आणायला गेले, संध्याकाळशिवाय येत नाहीत. येऊन सांगतो.